दहापैकी किती?

शाळकरी मुलांना मोठ्या माणसांनी विचारलेला सर्वांत जुना आणि सर्वांत निरुपयोगी प्रश्न कोणता, असे मला कोणी विचारले तर ‘शाप की वरदान’ हेच उत्तर मी देईन. आमच्या वेळी विज्ञान शाप की वरदान होते. माझी मुले शाळेत गेली तेव्हा दूरदर्शन झाले. आता मोबाइल आहे. नाव बदलले, निबंध बदलला नाही. आरंभी ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’, मग चार फायदे, चार तोटे, मध्ये कुठेतरी एक सुविचार, आणि शेवटी ‘सर्व काही वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’. एवढे लिहिले की मुलगा सुटतो, तपासणारे सुटतात आणि मोबाइलही सुटतो. कोणाला काही पटवायचे नसते, कोणाला काही पटत नाही, आणि दहापैकी आठ गुण मिळतात.

मागे कंधार तालुक्यातल्या काही शाळांच्या निबंध स्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला निबंध तपासता येतोच, असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. सहावी ते आठवीची मुले होती आणि विषय अर्थातच मोबाइलचा. वाचकांना आपले मत पटवून द्या, अशी सूचना वर छापलेली. पहिले वीस-पंचवीस कागद वाचले आणि लक्षात आले की एकाच मार्गदर्शिकेतला एकच निबंध मी वेगवेगळ्या अक्षरांत वाचतो आहे. मग एक अर्ध्या पानाचा कागद हाती आला.

सातवीतल्या त्या मुलाने लिहिले होते की आमच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो मोटारीचा आहे. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा राती. आधी पप्पा राती दोनला उठून बॅटरी घेऊन शेतात जायचे, वाटेत साप असायचे. आता विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड आहे. लाइट आली की पेटीच फोन करते, पप्पा पडल्या पडल्या बटन दाबतात आणि मोटार चालू होते. म्हणून मोबाइल चांगला. पण रेंज नसली की ‘मोटार चालू होईना गेलीय’ आणि पप्पांना जावेच लागते. मला अभ्यासाला मोबाइल मिळत नाही, कारण तो मोटारीचा आहे. निबंध संपला.

माझ्याकडे गुणांचा तक्ता दिलेला होता. आशय, मांडणी, भाषाशैली, शुद्धलेखन आणि हस्ताक्षर, प्रत्येकाला दोन. तक्त्याबरहुकूम मोजले तर या मुलाला चारच्या वर गुण बसेनात. परिच्छेद नाहीत, सुविचार नाही, ‘लाइट’ हा शब्द पाच वेळा. मार्गदर्शिकेतल्या निबंधाला मात्र नऊ बिनबोभाट बसत होते.

सवयीने दुसरे मत घ्यावे म्हणून ते दोन्ही कागद, नावे झाकून, मी तीन परिचितांना दाखवले. निवृत्त मुख्याध्यापकांनी मोटारीच्या निबंधाला चार दिले. मराठी सुधारायला हवे, म्हणाले. वकीलसाहेबांनी आठ दिले. त्यांचे म्हणणे असे की हा साक्षीदार डोळ्यांनी पाहिलेले सांगतो आहे, बाकीचे सगळे ऐकीव. कृषी केंद्र चालवणाऱ्या मित्राने दहापैकी दहा दिले आणि ती पेटी कोणत्या कंपनीची आहे ते विचारून घ्या, असे मला सांगितले. मार्गदर्शिकेतला निबंध त्याने पुरता वाचलादेखील नाही.

यात आमच्या गावचे वैशिष्ट्य काही नाही. अमेरिकेत १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका शंभरावर शाळांतल्या शिक्षकांकडे पाठवल्या होत्या. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी पन्नास दिले, कोणी नव्वदच्या पुढे. भाषेत असे व्हायचेच, असे लोक म्हणाले. तेव्हा त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर तिथेही तेच. पुढे १९६१ मध्ये पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध ५३ जणांकडून तपासून घेतले. तपासणाऱ्यांत प्राध्यापक होते, लेखक-संपादक होते, वकील आणि व्यवसायातले अधिकारीही होते. एक ते नऊ अशी मोजपट्टी होती. तीनशेपैकी १०१ निबंधांना एकपासून नऊपर्यंत सर्वच्या सर्व गुण कोणी ना कोणी दिलेले निघाले. डिडरिकचे शहाणपण असे की तो यावर हसून थांबला नाही. कोण कशाला गुण देतो हे त्याने शोधले. काही जण विचार पाहत होते, काही मांडणी, काही नुसत्या चुका, काही शब्दांची निवड, आणि काहींना लिहिणाऱ्याचा स्वतःचा आवाज हवा होता. म्हणजे आमचे मुख्याध्यापक, वकीलसाहेब आणि कृषी केंद्रवाले तिघेही प्रामाणिक होते. ते तीन वेगवेगळ्या गोष्टी तपासत होते, इतकेच.

यावर उपाय म्हणून तक्ते आले. ऑस्ट्रेलियात तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या मुलांची देशभर एक चाचणी होते. तिच्यात २०११ पासून ‘मत पटवून देणारे लेखन’ हा प्रकार आला आणि तपासणीला दहा निकष, एकूण ४८ गुण ठरले. त्यांत विचारांना ५ गुण होते आणि स्पेलिंगला ६. वाक्यरचनेलाही ६, पटवून देण्याच्या युक्त्यांना ४. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये लेखन शिकवलेले लेस पेरेलमन यांनी २०१८ मध्ये या प्रकारावर सडकून टीका केली. हे तेच गृहस्थ, ज्यांनी निरर्थक पण भारदस्त निबंध लिहिणारे एक यंत्र तयार करून निबंध तपासणाऱ्या यंत्रांकडून त्याला भरघोस गुण मिळवून दाखवले होते.

तक्त्यांची मी चेष्टा करतो आहे असे कृपया समजू नये. तक्ता नसताना काय होत असे हे आमच्या पिढीने पाहिले आहे. कोणाचा मुलगा, कोणत्या गल्लीतला, शिकवणीला येतो की नाही, यावर गुण ठरायचे. गरिबाच्या पोराला तक्त्याचा आधार असतो, कारण तक्त्याला आडनाव दिसत नाही. प्रश्न तक्ता असावा की नसावा हा नाही. जे मोजायला सोपे तेच त्यात शिरते, हा आहे. हस्ताक्षर मोजता येते. शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियम आहेत, तेही मोजता येतात. मुलगा जे सांगतो आहे ते त्याला स्वतःला पटले आहे का, हे कसे मोजावे?

मी उभे आयुष्य बँकेत काढले आणि त्यातला बराच काळ अर्ज वाचण्यात गेला. कर्जाचा अर्ज म्हणजे दुसरे काय असते? मत पटवून देणारा निबंधच. आमच्या आजोबांच्या पिढीने अशा दरखास्ती निजामाच्या अमलात उर्दूतून लिहवून घेतल्या; सप्टेंबर १९४८ नंतर मराठीतून लिहवून घेऊ लागले. भाषा बदलली, लिहिणारा तहसीलीबाहेरचा अर्जनवीसच राहिला. त्यामुळे एकात्मिक ग्रामीण विकासाच्या योजनेत म्हशीसाठी आलेले सगळे अर्ज एकसारखे असत. ‘मी अत्यंत गरीब शेतकरी असून’ इथून सुरू होणारे आणि ‘आजन्म ऋणी राहीन’ इथे संपणारे. या शेवटच्या वाक्याची बँकेला नेहमीच धास्ती वाटे.

म्हणून आम्ही कागद बाजूला ठेवून माणसाला विचारत असू, म्हैस दूध किती देईल? कोणी झटकन म्हणे, रोज आठ लिटर. बारा महिने? हो, बारा महिने! दुसरा जरा थांबून सांगे की साहेब, पहिले काही महिने चांगले देईल, मग कमी होईल, मग भाकड काळ येईल. तेव्हा हप्ता मजुरीतून भरावा लागेल, बायको कामाला जाते. पहिल्याचे बोलणे मोठे गोड असे. कर्ज द्यावेसे वाटे ते दुसऱ्याला. योजनेतही दुसरी म्हैस साधारण सहा महिन्यांनी द्यायची, अशी रीत होती. ती याच भाकड काळासाठी.

मोटारीच्या निबंधात भाकड काळ आहे. ‘रेंज नसली की जावेच लागते’ हे त्या पोराने न विचारता सांगितले. आपल्या परंपरेत वाद घालणाऱ्याने आधी पूर्वपक्ष मांडायचा असतो, समोरच्याचे म्हणणे त्याच्याइतक्याच ताकदीने सांगायचे असते. चार फायद्यांपुढे चार तोटे ठेवले की तो पूर्वपक्ष होत नाही. ती नुसती खतावणी झाली. जमा आणि खर्च सारखे करून खाते बंद.

खरे तर मराठी निबंधाचा जन्मच भांडणातून झाला आहे. लोकहितवादींची पत्रे १८४८ मध्ये येऊ लागली, चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ मध्ये निघाली, आगरकरांचे सुधारक १८८८ मध्ये. कोणाला तरी काहीतरी पटवायचे होते म्हणून ते गद्य जन्माला आले. आणि या सगळ्यांत शाळकरी वयाची एक मुलगी आहे, जिचे नाव निबंध शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. मुक्ता साळवे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयात छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची असल्याचे सांगतात. म्हणजे आजच्या हिशेबाने आठवी-नववी. तिची युक्ती पाहा. वेद फक्त आमचेच, असे ब्राह्मण म्हणतात. हे म्हणणे ती नाकारत नाही, मान्य करते. मग विचारते, ते पुस्तक आमचे नसेल तर त्याप्रमाणे वागण्याचे बंधन आमच्यावर कसे? आणि आमचा धर्म मग कोणता? प्रतिपक्षाचेच वाक्य हातात घेऊन तिने ते त्याच्यावर उलटवले आहे. पुढे आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, पावसाथंडीने त्यांचे हाल होतात, हे ती सांगते. ते तिला कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळालेले नव्हते. आमच्या तक्त्यात तिला किती गुण बसले असते, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या घरी करून पाहावा.

इकडे आपल्या राज्यात मूल्यमापन बदलले नाही, असे नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. कल्पना चांगली होती. वर्षाच्या शेवटच्या तीन तासांवर मुलाची किंमत ठरू नये, शिक्षकाने त्याला वर्षभर पाहावे आणि त्याच्याविषयी चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. याला वर्णनात्मक नोंद म्हणतात. पुढे काय झाले ते कोणत्याही गावातल्या शालेय साहित्याच्या दुकानात दिसते. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका निघाल्या. ‘स्वतःचे मत ठामपणे मांडतो’ ही ओळ पुस्तिकेतून उतरून काढली जाते, आणि ज्याच्याविषयी ती उतरवली जाते त्या मुलाने आपले ठाम मत मार्गदर्शिकेतून उतरवलेले असते. दोघांनाही दोष देता येत नाही. एका वर्गात पन्नास मुले, त्यात जनगणना, निवडणूक, आहाराचा हिशेब आणि रोज नवे काहीतरी मोबाइलवर भरायचे. अशा शिक्षकाने पन्नास निबंध मनापासून कधी वाचावेत?

आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. २०२३-२४ पासून नापास झालेल्याला फेरपरीक्षेची संधी देऊन, तीतही न जमल्यास त्याच वर्गात ठेवता येते. २०१० मध्ये नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची जी मोहीम चालवली, ती पुढे राज्यभर गाजली. चिठ्ठ्या गेल्या ते उत्तमच झाले. पण पाठ केलेला निबंध ही डोक्यातली चिठ्ठी आहे, तिला कोणतेही भरारी पथक पकडत नाही. आणि घरचा अभ्यास म्हणून निबंध दिला, तर २०२२ च्या अखेरीपासून संगणकाचे बोलके यंत्र तो मिनिटभरात, तक्त्यातले सगळे निकष पाळून लिहून देते. मराठीतसुद्धा. शुद्धलेखन आपल्यापेक्षा बरे.

आमच्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, याचा मला अभिमान आहे. नांदेडही आता त्याच वाटेवर आहे. पण त्या वाटेवरच्या बहुतेक परीक्षा चार पर्यायांतून एक निवडण्याच्या आहेत. शिष्यवृत्ती, नवोदय, पुढे नीट, सगळीकडे गोल काळा करायचा. वैद्यकीयच्या वाटेला लागलेल्या मुलाला दहावीनंतर ‘तुला काय वाटते आणि का’ असे कोणी फारसे विचारत नाही. सहावी ते आठवी ही तीन वर्षे म्हणून मोलाची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर एप्रिल ते जून राज्य पेटले आणि शेवटी निर्णय मागे घेतला गेला. त्या सगळ्या गदारोळात मुलांनी किती भाषा शिकाव्यात यावर बोलणारे पुष्कळ भेटले. एका भाषेत तरी त्यांना आपले म्हणणे मांडता येते का, हे विचारणारा मला भेटला नाही.

बोलीचाही उल्लेख केला पाहिजे. ‘चालू होईना गेलीय’ याखाली लाल रेघ ओढताना मला भाई केशवराव धोंडगे आठवले. कंधारने १९५७ पासून त्यांना अनेकदा विधानसभेत पाठवले. १ जानेवारी २०२३ ला, शंभरी गाठून, ते गेले. त्यांचे राजकारण कोणाला पटो न पटो, मन्याड खोऱ्याची भाषा जशीच्या तशी सभागृहात नेऊन त्यांनी मंत्र्यांना ऐकायला लावली. ज्या बोलीने मुंबईत वाद जिंकले, तिच्यासाठी कंधारच्या वहीत दोन गुण कापले जातात. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, अर्ज तिच्यातच करावे लागतात. पण ती दुरुस्ती दुसऱ्या वाचनात, पेन्सिलीने करावी. पहिल्या वाचनात पोरगा काय म्हणतो ते ऐकावे.

फुलवळच्या बाजूला एक शिक्षक असेच करतात. त्यांनी ‘शाप की वरदान’ बंद केले. घरातल्या एका माणसाला पत्र लिहून एक गोष्ट पटवा, असा विषय ते देतात. कोणी आजोबांना तंबाखू सोडायला सांगते, कोणी आईकडे कबड्डीला जाण्याची परवानगी मागते. सातवीतल्या एका मुलीने वडिलांना लिहिले की मला या वर्षी ऊसतोडीला नेऊ नका. बालाघाटाच्या या कोरड्या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. त्या मुलीने शिक्षणाचे महत्त्व वगैरे एक अक्षर लिहिले नव्हते. मी आले तर धाकट्याला सांभाळीन हे खरे, पण मुकादम माझे पैसे धरत नाही. मी इथे राहिले तर हंगामी वसतिगृहात जेवण मिळेल आणि रात्री आजीजवळ कोणीतरी असेल. तुम्हाला माझी काळजी वाटते हे मला ठाऊक आहे, म्हणून रोज संध्याकाळी सरांच्या फोनवरून बोलेन.

या पत्राला किती गुण द्यावेत, असे त्या शिक्षकांनी मला विचारले. वडील पटले की नाही यावर गुण ठरवावेत तर ते अन्यायाचे होईल, कारण बापाचा निर्णय पोरीच्या पत्रापेक्षा घेतलेल्या उचलीवर ठरतो. वडिलांना वाचता येत नव्हते, पत्र तिनेच वाचून दाखवले. त्या वर्षी ती राहिली. पुढच्या वर्षी उचल मोठी होती, तिला जावे लागले. पण आपण कोणाशी बोलतो आहोत हे तिला ठाऊक होते. त्याच्या मनातली भीती तिने त्याच्याआधी बोलून दाखवली आणि हिशेब त्याच्याच भाषेत मांडला. मी कर्जप्रकरण म्हणून हा कागद तपासला असता तर शिफारशीसह वर पाठवला असता. शिक्षकांना मी तसेच सांगितले.

ते शिक्षक आणखी एक करतात. गुणांच्या आधी प्रत्येक निबंधाखाली एक प्रश्न लिहितात आणि मुलाने त्याला उत्तर लिहून दिल्याशिवाय आकडा टाकत नाहीत. पन्नास वह्यांना त्यांना चार संध्याकाळी लागतात. म्हणून वर्षातून तीनच निबंध, पण असे. स्पर्धेतला मोटारीचा निबंध त्यांच्याच वर्गातला निघाला. त्याखाली त्यांनी विचारले होते, ‘उद्या शेतीला रोज दिवसाच वीज मिळू लागली, तर मोबाइलची गरज उरेल का?’

खाली पेन्सिलीने उत्तर होते. ‘उरेल. मग तो मोटारीचा राहणार नाही. पण मला मिळेल का नाही सांगता येत नाही, कारण आई म्हणलीय की आधी तिला माहेरी बोलायचंय.’